काटा चुकतोय की माल लपलाय?

मी एका वेधशाळेत काम करते आणि माझ्याकडे जी कामं आहेत त्यातलं एक म्हणजे लोकांच्या पत्रांना उत्तरं देणं. मेल येतात, पोस्टाने पाकिटं येतात, कधी कधी अख्खी दोनशे पानी वही येते. ग्रहण कधी आहे, मुलीला दुर्बीण कुठली घेऊ, काल रात्री आकाशात एका ओळीत जाणारे दिवे कसले होते, असल्या प्रश्नांना उत्तर द्यायला बरं वाटतं आणि वेळही लागत नाही. पण दर आठवड्याला तीन-चार पत्रं डार्क मॅटरची असतात, म्हणजे विश्वातलं जे वजन दिसत नाही, फक्त ओढीवरून कळतं त्याची, आणि ती प्रश्न विचारणारी नसतात, उत्तर सांगणारी असतात. डार्क मॅटर म्हणजे शेजारच्या विश्वातून झिरपणारं गुरुत्वाकर्षण. डार्क मॅटर म्हणजे गोठलेला काळ. म्हणजे विझलेले तारे, म्हणजे आत्मे, म्हणजे ब्लॅक होलची पिल्लं. एकाने लिहिलं होतं की असं काही नसतंच, शास्त्रज्ञांची बेरीज चुकलीये.

मला ह्या लोकांचा कधी राग आला नाही, अगदी खरं सांगते. ज्या गोष्टीचं स्वरूप जगात कुणालाच माहीत नाही तिच्याबद्दल माणसं अंदाज बांधणारच, आणि विश्वात डार्क एनर्जी (विश्वाचा पसारा वाढवत नेणारी अज्ञात ऊर्जा) 68 टक्के, डार्क मॅटर 27 टक्के आणि आपण, पृथ्वी, सूर्य, सगळे तारे आणि सगळा गॅस मिळून जेमतेम 5 टक्के, हे एकदा वाचलं की डोकं शांत कसं बसणार. पण पत्रं वाढत गेली तसं मी एक तयार उत्तर करून ठेवलं. चार परिच्छेद. आधी आभार, मग झ्विकी आणि व्हेरा रुबिन ह्या खगोलशास्त्रज्ञांचं काम, शेवटी "आपल्या कल्पनेला गणिताची जोड द्यावी ही विनंती". नाव बदलायचं आणि पाठवायचं.

तर त्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला की एक गृहस्थ आलेत, अपॉइंटमेंट नाहीये, पण हातात मोठी गुंडाळी आहे आणि म्हणतायत थांबतो, कितीही वेळ थांबतो. मला दुपारी तीनला शाळेची मुलं यायची होती आणि स्लाइड अर्ध्याच झाल्या होत्या. म्हटलं दहा मिनिटं पाठवा.

सत्तरीच्या आसपासचे काका. आत आले, नमस्कार केला आणि बसायच्या आधी फाइलमधून तीन कागद काढून माझ्या टेबलावर एकाशेजारी एक ठेवले. माझीच तीन उत्तरं होती, प्रिंट काढून आणलेली.

"मॅडम, तुमची तीन उत्तरं आली मला. तिन्हीत एका अक्षराचा फरक नाही. म्हणून म्हटलं पत्रं पोचतायत पण वाचली जात नाहीयेत, तर आपणच जावं."

आवाजात राग नव्हता, तक्रारसुद्धा नव्हती. पावती चुकली तर माणूस जसा खिडकीशी येऊन शांतपणे पावती पुढे करतो तसं. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मी सॉरी म्हटलं, बसा म्हटलं, आणि स्लाइडचा विचार सोडून दिला.

त्यांनी गुंडाळी उघडली. आठ-नऊ ग्राफपेपर चिकटपट्टीने जोडलेले, माझ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते. पेन्सिलीचे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक गोल, प्रत्येकाला नंबर, आणि समासात शाईने आकडे. जिथे आकडा चुकला होता तिथे खोडलेला नव्हता, एक सरळ रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि त्याच्यापुढे इवलीशी सही. अशा सह्या मी कुठल्या पीएचडीच्या वहीत पाहिल्या नाहीत. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "रजिस्टरची सवय. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि सही करायची."

काका 34 वर्षं वजनकाट्यावर होते. ट्रकचा काटा. रिकामी गाडी चढवायची, वजन घ्यायचं, भरून आली की परत चढवायची, वजाबाकी करून मालाचं वजन काढायचं आणि पावती फाडायची. रिटायर झाल्यावर नातीच्या लॅपटॉपवर एकदा गॅलक्सीच्या फिरण्याबद्दल वाचलं आणि त्यांना वाटलं की अरे, हे तर आपलंच काम आहे.

"तुमच्या गॅलक्सीला दोन वजनं आहेत," ते म्हणाले. "एक डोळ्याने मोजलेलं, म्हणजे तारे किती, गॅस किती. दुसरं फिरण्याच्या स्पीडवरून काढलेलं. दोन्ही जुळत नाहीत. आता आमच्याकडे असं झालं तर दोनच गोष्टी. एक तर गाडीत काहीतरी लपवलंय, टाकीत पाणी भरलंय, सीटखाली लोखंड टाकलंय. नाहीतर काटा चुकतोय. तुम्ही सगळे इतकी वर्षं माल शोधताय. काटा कुणी तपासला?"

हा प्रश्न मला पत्रांतून शंभर वेळा आलेला आहे, बहुतेक वेळा आइनस्टाइनवर चिडून विचारलेला. इतका स्वच्छ कधीच आला नव्हता. मी त्यांना ले व्हेरिएची गोष्ट सांगितली कारण ती मला स्वतःला फार आवडते. युरेनस ठरलेल्या वाटेवरून किंचित सरकत होता, तर ह्या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर हिशोब करून सांगितलं की पलीकडे न दिसलेला ग्रह आहे, अमुक ठिकाणी बघा, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेने दुर्बीण लावली तर एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. माल लपलेला होता. मग त्याच ले व्हेरिएने 1859 मध्ये बुधाची वाट चुकतेय म्हणून तसाच हिशोब केला आणि सांगितलं की सूर्याजवळ अजून काहीतरी आहे, लोकांनी त्याला व्हल्कन नाव पण देऊन टाकलं आणि कित्येक वर्षं शोधत राहिले. तिथे काही नव्हतं. शंभर वर्षांत 43 आर्कसेकंद (एका अंशाचे 3600 आर्कसेकंद होतात) इतका बारीक फरक, आणि तो सुटला 1915 मध्ये, आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला तेव्हा. म्हणजे त्या वेळी काटा चुकत होता.

"माणूस तोच, पद्धत तीच," काका म्हणाले. "मग कुठल्या वेळी काय, हे आधी कळायचं कसं?"

"आधी नाही कळलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ग्राफकडे वळले. इंटरनेटवर 175 गॅलक्सींच्या फिरण्याचे आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, त्यातल्या नऊ त्यांनी घेतल्या होत्या. सगळं हाताने. मी मुद्दाम विचारलं, एनजीसी 3198 आहे का? आमच्या कामात ती गॅलक्सी जुनी ओळखीची, 1980 च्या दशकापासून सगळे उदाहरण म्हणून तीच घेतात. "चौथं पान," म्हणाले आणि बोट ठेवलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. सूर्यमालेत जवळजवळ सगळं वजन मधोमध सूर्यात आहे, म्हणून जितकं लांब जावं तितका ग्रह हळू फिरतो. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर, गुरू 13, नेपच्यून साडेपाचसुद्धा नाही. गॅलक्सीत प्रकाश मधे दाटलेला असतो आणि कडेला विरळ होत जातो, म्हणजे कडेचा गॅस असाच हळू फिरायला पाहिजे. एनजीसी 3198 मध्ये तो सेकंदाला 150 किलोमीटरने फिरतो आणि अजून लांब गेलं तरी 150, आणि तिप्पट लांब गेलं तरी साधारण 150. वजन मधेच संपलं असतं तर तिप्पट अंतरावर स्पीड 87 च्या आसपास यायला हवा होता. स्पीड तोच आणि अंतर तिप्पट, म्हणजे आतलं वजन तिप्पट झालं, आणि त्या वाढीव वजनाच्या जागी दुर्बिणीतून बघितलं तर काळोख. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्डने 1970 मध्ये अँड्रोमेडा ह्या शेजारच्या गॅलक्सीचा असा आलेख छापला, 1980 मध्ये अजून 21 गॅलक्सींचा, आणि रेडिओवाल्यांनी हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरींवरून तेच दाखवलं. त्यानंतर विषय टाळणं अवघड झालं.

काकांनी पहिल्यांदा असं धरलं होतं की मध्यापासून ठराविक अंतर गेलं की काटा चुकायला लागतो. पहिल्या पत्रात तेच लिहिलं होतं म्हणे. पण जमेना. मोठ्या चकचकीत गॅलक्सीत फरक खूप लांब गेल्यावर सुरू होतो आणि लहान अंधुक गॅलक्सीत अगदी आतपासूनच. "दोन महिने त्याच्यात गेले," ते म्हणाले. "मग मला पाटी आठवली."

प्रत्येक काट्यावर पाटी असते. तिच्यावर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, ओव्हरलोडचं. पण कमीत कमी पण लिहिलेलं असतं. त्यांच्या काट्याचं 400 किलो होतं. "त्याच्या खाली काटा आकडा दाखवतो, बंद नाही पडत. पण तो आकडा पावतीवर नाही घालायचा. मग म्हटलं गुरुत्वाकर्षणाला पण अशी पाटी असली तर? अंतराला नाही, ओढीला. ओढ एका मापाच्या खाली गेली की आकडा भरवशाचा नाही."

आणि त्यांनी शेवटचं पान पुढे सरकवलं. आडव्या रेघेवर ओढ, उभ्या रेघेवर दोन वजनांमधला फरक. नऊ गॅलक्सी, मोठ्या, लहान, चकचकीत, अंधुक, सगळ्यांचे ठिपके एका रेघेवरून चाललेत आणि एकाच जागी रेघ सोडून वर वळतात. त्या जागेवर त्यांनी लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, पॉइंटनंतर नऊ शून्यं आणि मग 13. मीटर प्रति सेकंद वर्ग.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. कारण हा आकडा मला पाठ आहे, पुस्तकात तो नऊ शून्यं आणि मग 12 असा असतो. ही ओढ किती कमी आहे ते सांगायचं तर पृथ्वीवर आपल्याला जी ओढ जाणवते तिच्या आठ हजार कोटीव्या भागाएवढी, म्हणजे स्थिर वस्तूला एवढीच ओढ लावून ठेवली तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालायच्या स्पीडला यायला तिला अडीचशेहून जास्त वर्षं लागतील. आणि ह्या माणसाने ट्रकच्या काट्याच्या पाटीवरून निघून, पेन्सिलीने, ती जागा गाठली होती. तिसऱ्या पत्रात हाच ग्राफ होता. मी त्याला उत्तर पाठवलं होतं की आपल्या कल्पनेला गणिताची जोड द्यावी.

आता सांगायचं कसं हा प्रश्न होता. कारण हे आधी होऊन गेलंय. मोर्देहाय मिलग्रोम नावाच्या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने 1983 मध्ये नेमकं हेच मांडलं, की डार्क मॅटर नाही, खूप कमी ओढीला नियमच बदलतो, आणि त्याला मॉन्ड म्हणतात. लोक स्वतःची कल्पना दुसऱ्याची निघाली की मोडून पडतात, मी बघितलंय. पण खोटं कसं बोलणार. मी तो पेपर स्क्रीनवर उघडला आणि दाखवला.

काकांनी साल बघितलं. "त्र्याऐंशी. तेव्हा मला काट्यावर लागून दोन वर्षं झाली होती." मग थोडा वेळ गप्प. मग जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती, मला वाटलं होतं निराश होतील. त्यांनी विचारलं, "मग बरोबर आहे का ते?"

आधी कुणी मांडलं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मी सांगितलं की ग्राफ बरोबर आहे. 2016 मध्ये तिघा खगोलशास्त्रज्ञांनी 153 गॅलक्सींचे जवळपास 2700 ठिपके असेच मांडले आणि ते सगळे एका अरुंद पट्ट्यात बसले, आणि असं का व्हावं हे डार्क मॅटर मानणाऱ्यांना पण नीट समजावून द्यावं लागतं, सोपं नाहीये ते. हे पण सांगितलं की नियम आपण सूर्यमालेत फार बारकाईने तपासलाय, यानं पाठवून, ग्रहांची अंतरं मोजून. त्यावर त्यांनी तिथली ओढ किती ते विचारलं. हिशोब केला, तर नेपच्यूनपाशीसुद्धा सूर्याची ओढ त्यांच्या लाल रेघेच्या पन्नास हजार पट निघाली.

"म्हणजे भारी वजनं ठेवून काटा पास केलात," काका म्हणाले, "आणि मोजताय चिमूटभर."

ह्याला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगते की मॉन्डच्या बाजूने ह्याहून चांगलं वाक्य मी कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलेलं नाही.

पण पुढचं पाऊल त्यांनीच टाकलं. म्हणाले, "पार्टी भांडायला लागली ना की आम्ही वाद घालत बसत नव्हतो. गाडी दुसऱ्या काट्यावर पाठवायचो. वेगळा मालक, वेगळी मशीन. तुमच्याकडे दुसरा काटा आहे का?"

आहे की. मी म्हटलं चला, आणि दहा मिनिटांचे एव्हाना दीड तास झाले होते.

गॅलक्सींचे थवे असतात, क्लस्टर. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकीने कोमा क्लस्टरमधल्या गॅलक्सींचे स्पीड बघितले, एकमेकींच्या मानाने हजारेक किलोमीटर सेकंदाला, आणि म्हणाला ह्या इतक्या जोरात पळतायत की दिसणाऱ्या वजनाने हा थवा बांधून ठेवणं शक्य नाही, केव्हाच पांगला असता. त्याने तेव्हा काढलेला आकडा खूपच जास्त आला होता, कारण तेव्हा अंतरंच चुकीची धरली जायची, आणि ह्या थव्यांमध्ये ताऱ्यांपेक्षा जास्त वजनाचा तापलेला गॅस भरलेला आहे हे एक्स-रे दुर्बिणी आल्यावर कळलं. तो सगळा गॅस मोजून, वर काकांचा पाटीचा नियम लावून बघितलं तरी हिशोब मिटत नाही. फरक खूप कमी होतो पण जे दिसतं त्याच्या जवळपास दुप्पट वजन लागतंच.

"काटा दुरुस्त करूनसुद्धा माल उरतो," काका हळू आवाजात म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मग मी बुलेट क्लस्टरचा फोटो लावला. दोन थवे एकमेकांमधून आरपार गेलेत. तारे विरळ, त्यामुळे गॅलक्सी सुखरूप पलीकडे निघून गेल्या, पण दोघांचा गॅस एकमेकांवर आदळला आणि मधे अडकून राहिला. तो गॅस एक्स-रेमध्ये दिसतो, फोटोत गुलाबी. आणि मागून येणारा प्रकाश कुठे किती वाकतो त्यावरून वजन कुठे आहे ते काढलंय, ते निळं. 2006 चं काम आहे. काका उठून स्क्रीनजवळ गेले, चष्मा वर केला, बोट आधी गुलाबीवर ठेवलं मग निळ्यावर, मग परत गुलाबीवर.

"दिसणारा जास्तीत जास्त माल ह्या मधल्या जागेत आहे?"

"हो."

"आणि वजन इकडे बाहेर दाखवतोय?"

"हो."

बराच वेळ तसेच उभे होते. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तेवढाच आवाज. मग म्हणाले, "काटा खोटा असला तर वजन कमी दाखवेल, जास्त दाखवेल. माल ज्या जागी नाहीच त्या जागी कसं दाखवेल?"

मी त्यांना हेही सांगितलं की मॉन्डवाल्यांकडे ह्याच्यावर पण उत्तरं आहेत, कुणी म्हणतं थव्यांमध्ये न्यूट्रिनोसारखं (कशालाही सहसा न अडकणारा अतिहलका कण) काहीतरी असेल, कुणी नियम अजून बदलतं, आणि ती माणसं हुशार आहेत, हट्टी म्हणून सोडून द्यावीत अशी नाहीत. आणि तिसरा काटा पण सांगितला, विश्व 3,80,000 वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश, त्याच्यातल्या बारीक चढउतारांवरून डार्क मॅटरचं प्रमाण वेगळ्याच वाटेने निघतं आणि तिथे ते न दिसणारं वजन धरल्याशिवाय नुसता नियम बदलून आकडे बसवणं फार अवघड जातं. माझं स्वतःचं मत ह्या तिसऱ्या काट्यामुळे माल लपलाय ह्या बाजूचं आहे. पण ते मत आहे, आणि मत म्हणूनच सांगितलं.

"मग माल सापडला का?" काका परत खुर्चीत बसले.

नाही सापडला. अमेरिकेत दक्षिण डकोटामध्ये जुनी सोन्याची खाण आहे, तिच्यात जवळपास दीड किलोमीटर खाली 10 टन झेनॉन वायू थंड करून, द्रव करून भरून ठेवलाय, डार्क मॅटरचा कण एखाद्या अणूला धडकला तर बारीकसा उजेड पडेल म्हणून. इटलीत डोंगराखाली आहे, चीनमध्ये आहे. अजून खात्रीने काही हाती लागलेलं नाही. इटलीतलाच डामा नावाचा प्रयोग मात्र पंचवीसेक वर्षं सांगतोय की आमच्याकडे सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांमध्ये दरवर्षी जूनच्या सुमाराला संकेत वाढतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरताना डार्क मॅटरच्या वाऱ्याला सामोरी जाते तेव्हा. पण तोच स्फटिक वापरून स्पेनमध्ये आणि दक्षिण कोरियात मोजलं तर तो चढउतार आला नाही. काका लगेच म्हणाले, "एका काट्याची पावती." तेच.

एका गोष्टीने मात्र त्यांचे डोळे चमकले. आपल्या आसपास डार्क मॅटर किती असेल त्याचा जो अंदाज आहे त्याप्रमाणे साध्या तीन घन सेंटिमीटरमध्ये एका हायड्रोजनच्या अणूएवढं वजन येतं, आणि तसा हिशोब केला तर अख्ख्या पृथ्वीच्या पोटात आत्ता ह्या क्षणी सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास डार्क मॅटर असेल. गॅलक्सी एवढी प्रचंड मोठी आहे की हा चिमूटभर सगळीकडे पसरला की ताऱ्यांना भारी पडतो.

"अर्धा किलो," ते म्हणाले. "अख्ख्या पृथ्वीत. आणि मी 400 किलोच्या खाली बघायचं सोडून दिलं होतं."

तीन वाजत आले होते. निघताना त्यांनी विचारलं की थव्याचे आकडे मिळतील का, गॅलक्सीचं करून झालं, आता हे करून बघतो. आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी कोमा क्लस्टरमधल्या गॅलक्सींची एक यादी वापरतो, नाव, जागा, स्पीड, तिची प्रिंट दिली. त्यांनी घडी न घालता ती गुंडाळीत ठेवली आणि माझी तीन उत्तरं टेबलावरच राहिली, मुद्दाम ठेवली की विसरले, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी जुनी पत्रं काढून बसले. दीड-दोनशे तरी असतील. आणि वाचताना लक्षात येत गेलं की मी ज्यांना तयार उत्तर पाठवलं त्यातल्या कित्येक कल्पना आमच्याच लोकांनी वर्षानुवर्षं खपून तपासलेल्या आहेत. विझलेले तारे म्हणणाऱ्या माणसाला मी सांगू शकले असते की 1990 च्या दशकात दोन टीम्स रात्र रात्र मॅगेलनच्या मोठ्या मेघातले, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान गॅलक्सीतले लाखो तारे बघत होत्या, मधून असं एखादं काळं काहीतरी गेलं तर मागचा तारा काही दिवस उजळतो म्हणून, तसे मोजके तारे उजळले पण, पण डार्क मॅटरचा हिशोब पुरा व्हावा इतके नाहीत. ब्लॅक होलची पिल्लं म्हणणाऱ्या मुलीला (ती अकरावीत होती, पत्रात लिहिलं होतं) सांगू शकले असते की ह्या कल्पनेवर आजही काम चालू आहे, काही वजनांची पिल्लं बाद झालीत आणि काहींची अजून नाहीत. आणि आत्मे म्हणणाऱ्यांना निदान हे विचारायला हवं होतं की त्याचं वजन किती धरलंत आणि ते कुठल्या काट्यावर दिसेल. अंदाज करायला पदवी लागत नाही, आमचे सुद्धा अंदाजच असतात. काकांचा अंदाज पहिल्यांदा चुकला तेव्हा त्यांनी तो सोडला आणि दुसरा धरला, दोन महिने घालवून, कुणी बघत नसताना. ते मला फार मोठं वाटलं. त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी नवीन उत्तर लिहिलं. बाकीची रोज दोन-दोन करत चाललीयेत.

नवव्या दिवशी काकांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या यादीत डबल पावती आहे."

मला आधी कळलंच नाही. तर म्हणाले की 17 नंबरची आणि 42 नंबरची गॅलक्सी एकच आहे, नावं वेगळी आहेत पण जागा तीच आणि स्पीड पण तोच. "रजिस्टर हातात आलं की मी आधी डबल शोधतो. एकच गाडी दोनदा चढली की पुढचं सगळं वाया."

मी यादी उघडली. दोन वेगवेगळ्या कॅटलॉगमधली दोन नावं, आणि गॅलक्सी एकच. ही यादी मीच बनवलेली, सहा वर्षं प्रॅक्टिकलला वापरली जातेय, किती मुलांनी सोडवली असेल, किती जणांनी तपासून मार्क दिले असतील, मी धरून कुणाच्या लक्षात आलं नाही. एक ओळ काढून सगळं परत केलं तर थव्याच्या एकूण वजनात फरक नगण्यच पडला, पण यादी चुकीची होती ती होतीच. मी छापील प्रत काढली, 42 नंबरवर एक सरळ रेघ मारली, खालचं नाव वाचता येईल अशी, शेजारी सही केली आणि फोटो काढून काकांना पाठवला.

त्यांचं उत्तर आलं, "मिळालं. आता गॅसचं वजन कसं काढायचं ते सांगा." गुरुवारी येणार आहेत. अकरापासून जेवायच्या सुट्टीपर्यंतचा वेळ मी मोकळा ठेवलाय.